उजवीकडचं दार

बावीस वर्षं डावीकडं बघून थांबलो.
कडुनिंब, पानटपरी, चपला शिवणारा शिवलिंग,
कुणी नुसता हात वर केला
की पाय आपोआप ब्रेकवर.

आता स्टॉप रस्त्याच्या मधोमध. काचेचा, उंच,
दोन्ही अंगांनी रेलिंग,
आणि बस उघडते उजव्या बाजूनं.
ट्रेनिंगला आलेला पोरगा म्हणाला,
“काका, डावं विसरा.”
म्हटलं, विसरतो.
जेवायचा हात बदल म्हणाला असता
तरी हो म्हटलं असतं,
पेन्शनला चार वर्षं राहिलीत.

उद्घाटन साडेनऊचं, पाहुणे पावणेबाराला.
तोवर काचेवरचा झेंडू सुकला,
बँडवाल्यांनी क्लॅरिनेट मांडवाच्या सावलीत सरकवलं.
त्रेचाळीस डिग्रीत नवं डांबर
बुटाला धरून ठेवत होतं,
जसं सासुरवाडीत जाऊ देत नाहीत.

मकबूल नायकवाडी, एकोणीस वर्षं माझा कंडक्टर.
आता तिकीट बाहेरच, यंत्राला कार्ड टेकवायचं,
म्हणून त्याला शिट्टी देऊन स्टॉपवर उभा केलाय.
चामड्याची पिशवी जमा झाली डेपोत,
पण चालताना तो अजून
उजव्या खांद्यानं खाली झुकतो.
फीत कापल्यावर मी सवयीनं
त्याच्या दोन घंट्यांची वाट बघत बसलो.
कुणीतरी मागून ओरडलं, “चल की बे!”

खरं सांगतो, छान वाटलं.
अशोक चौकात, जिथं तीन सिग्नल खाल्ल्याशिवाय
सुटका नव्हती कधी,
ताण्यातून धोटा जावा तशी गेली गाडी.
रात्रपाळी करून निघालेला गज्जम,
भुवयांवर कापूस,
एसीच्या झोताखाली डोळे मिटून उभा राहिला,
बसायला जागा असून.

आणि मग जुना स्टॉप.
बाकडं उचललेलं, कडुनिंब अर्धा छाटलेला,
त्या अर्ध्या सावलीत नरसव्वा बोद्दूल.
डोक्यावर टोपली,
फडक्याखाली हजार विड्या,
कारखान्याची खिडकी साडेबाराला बंद.
तिनं हात वर केला.

पाय गेला ब्रेकवर.
डाव्या दाराच्या बटणावर लाल पट्टी चिकटवलेली.
दारापलीकडं रेलिंग, रेलिंगपलीकडं टेम्पो,
टेम्पोपलीकडं ती, हात तसाच.
मी काचेतून खुणावलं:
पुढं जा, झेब्र्यावरून ये, मधे चढ, मग फाटक.
एवढं सगळं एका हातानं सांगता येत नाही.
मागं पाहुण्यांच्या गाडीनं हॉर्न लावला.

चौदा सेकंद थांबलो म्हणे.
कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतं.
दुसऱ्या दिवशी मेमो: विनाकारण थांबा, खुलासा द्यावा.
कारणाच्या रकान्यात “सवय” लिहिलं,
साहेबांनी खोडून “तांत्रिक” केलं.
माणूस वाईट नाही.

तिसऱ्या दिवशी ती मधल्या स्टॉपवर दिसली.
मकबूलनं शिट्टी फुंकून रस्ता अडवला होता,
रिक्षावाले शिव्या देत होते,
आणि तिची टोपली
त्याच्या त्या खाली गेलेल्या खांद्यावर होती.
दार उघडलं.
ती डावीकडं बघत थबकली.
“ई पक्कना?”
हो, म्हटलं, ह्याच बाजूनं.

माझ्यामागच्या सीटवर बसली. बराच वेळ गप्प.
मग पुढं वाकून म्हणाली,
परवाच्या हजार विड्या परत घरी नेल्या मी.
नाही थांबला असतास, तर समजले असते.
थांबलास.
थांबून दार का उघडलं नाहीस?

गुरुत्वाकर्षण, रेलिंग, लाल पट्टी,
काहीतरी सांगणार होतो,
तेवढ्यात छताच्या जाळीतून ती रेकॉर्ड केलेली बाई
फार शुद्ध आवाजात म्हणाली,
पुढील थांबा, कुंभार वेस.